डिशवर बर्फ साचला की टीव्ही बंद, काय करता येईल?

खटपट्या:
मंडळी, मदत पाहिजे. छताच्या कडेला ८० सेंमीची डिश आहे, शिडी लावल्याशिवाय हात पोचत नाही. बर्फ पडला की चित्र आधी चौकोन चौकोन होतं आणि मग नो सिग्नल. गेल्या आठवड्यात वैतागून वरच्या खिडकीतून गरम पाणी ओतलं, पंधरा मिनिटं झकास चाललं आणि मग त्याच पाण्याचा काचेसारखा थर गोठून बसला, आधीपेक्षा वाईट अवस्था. शेजारी म्हणतो प्लॅस्टिकची पिशवी बांध, मेहुणा म्हणतो तेल फासून टाक. मला न कळलेली गोष्ट म्हणजे एक दिवस डिशवर वीतभर बर्फ होता तरी टीव्ही मस्त चालू, आणि परवा जेमतेम बोटभर चिखलासारखा बर्फ तर सगळं ठप्प. असं का?

तारेवरची_कसरत:
गरम पाणी परत ओतू नका हो. गोठतं ते एक आणि एलएनबीचं (डिशसमोर दांड्यावर बसवलेला, सिग्नल पकडणारा छोटा डबा) प्लॅस्टिक तडकलं तर खर्चात पडाल.

तुमच्या कोड्याचं उत्तर पाण्यात आहे. कोरडा भुसभुशीत बर्फ म्हणजे बरीचशी हवाच, त्यातून सिग्नल फारसा न अडता जातो. पण शून्याच्या आसपासचा ओला बर्फ म्हणजे पाणी, आणि पाणी या लहरी गिळतं. घरगुती डिशचा सिग्नल साधारण १२ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो, तरंगलांबी अडीच सेंटीमीटर. ओला थर कुठे जाड कुठे पातळ बसला की काही लहरी उशिरा पोचतात आणि सगळ्या एका बिंदूवर जमायच्या त्या जमत नाहीत, म्हणजे गिळणं वेगळं आणि फोकस बिघडणं वेगळं, दोन्हीचा मार एकदम.

आणि सगळे डिशकडे बघतात, एलएनबीकडे कोणी बघत नाही! आख्ख्या डिशवर गोळा झालेला सिग्नल त्या छोट्या टोपणातून आत जातो, त्यावर ओल्या बर्फाचा गोळा बसला तर डिश आरशासारखी लख्ख असून उपयोग शून्य. पुढच्या वेळी आधी फक्त ते टोपण पुसून बघा.

रिकामा_डबा:
मेहुण्याचं तेल मी करून पाहिलंय, स्वयंपाकाच्या तेलाचा स्प्रे. पहिले एक-दोन वेळा बर्फ खरंच घसरून गेला, घरात मी हिरो. मग पावसाने धुपलं, उरलेल्यावर धूळ चिकटली आणि डिश कढईसारखी दिसायला लागली. त्यापेक्षा गाडीचं वॅक्स जास्त टिकतं, फक्त थंडी सुरू व्हायच्या आधी कोरड्या डिशवर लावायला लागतं. पिशवीचं म्हणाल तर ताणून बसली तर ठीक, पण सैल पिशवीच्या सुरकुतीत पाणी साचतं आणि वाऱ्याने रात्रभर फडफड. आमच्याकडे कुत्रं भुंकत बसायचं.

खटपट्या:
एलएनबीचं डोक्यातच आलं नव्हतं. मग हीटर बसवू का? मागून चिकटवायचे मिळतात म्हणे.

उंबरठा:
आमच्याकडे तीन हिवाळे आहे. काम करतो, पण बर्फ पडायला लागायच्या आधी चालू पाहिजे, साचलेला थर वितळवायला फार वेळ घेतो आणि मधल्या काळात तेच ओलं पाणी सिग्नल खातं. म्हणून थर्मोस्टॅटवाला घ्या, आणि बाहेरच्या वायरिंगला अर्थ लीकेज ब्रेकर (वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणारा) हवाच. एलएनबीच्या टोपणाला मात्र या हीटरची ऊब पोचत नाही, ते पुसावंच लागतं. स्टारलिंकच्या (उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या) अँटेनात बर्फ वितळवायची सोय आतच असते, आपल्या साध्या डिशला ही उपरी उठाठेव करावी लागते.

पण खरं सांगू का दादा, डिश छतावर हवीच कशाला? उपग्रहाला तुमच्या छताची उंची काय कळणार, तो ३५,७८६ किमीवर बसलाय. त्या दिशेचं आभाळ मोकळं असलं की झालं. डोक्याच्या उंचीवर भिंतीला किंवा अंगणात खांबाला लावा आणि मऊ झाडूने झटका. फक्त छतावरची बर्फाची लादी घसरून थेट डिशवर पडेल अशा जागी नको, आमची पहिली डिश अशीच वाकली. निसरड्या शिडीवर चढून हाडं मोडून घेण्यापेक्षा एक मॅच गेली तर गेली.

तारेवरची_कसरत:
उंबरठा ताईंना +१. झाडू मऊच घ्या, काठीने बडवू नका, ८० सेंमीच्या डिशचा झोत, म्हणजे ती ज्या कोनातला सिग्नल पकडते तो, दोनेक अंशांचाच असतो, जरा हलली की नवं दुखणं. आणि ऑफसेट डिश (एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असते ती) दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते, त्यामुळे उपग्रह क्षितिजाजवळ असेल तर ती जवळजवळ उभीच राहते आणि बर्फ आपोआप घसरतो. तुमची मागे रेललेली दिसतेय का? तसं असेल तर बर्फ साचणारच, आणि एलएनबीचा दांडा वरच्या बाजूला घेऊन ती उलटी लावू नका, तोंड आणखी आभाळाकडे वळेल.

खटपट्या:
अपडेट देतो. आज सकाळी परत नो सिग्नल. लादी पुसायच्या मॉपच्या लांब काठीला मऊ ब्रश बांधला आणि खिडकीतून नुसतं एलएनबीचं टोपण पुसलं, डिशला हात लावला नाही, तिच्यावर अजून बर्फ आहे. टीव्ही चालू!! बायको म्हणते गेले दोन हिवाळे काय करत होतास.

बर्फ ओसरला की डिश खाली आणतो. केबल दहाएक मीटर कमी पडेल, जोड दिला तर चालेल का?

तारेवरची_कसरत:
चालेल, पण जोड उघड्यावर ठेवू नका. एफ कनेक्टर (डिशच्या केबलच्या टोकाला बसणारा पेचाचा जोड) घट्ट बसवा, वरून वॉटरप्रूफ रबर टेप गुंडाळा आणि जोडाच्या खाली केबलला एक झोळ सोडा म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल. आणि जमलं तर सरळ अखंड नवी केबलच ओढा.