सुधारित नकाशा आधी, गवंडी नंतर

वरचा मजला बांधताना तुम्ही जिना मंजूर नकाशापेक्षा वेगळ्या बाजूला बाहेर काढलात आणि आता नोटीस आली आहे. त्यावर 'परवानगी होतीच, जिना फक्त दुसऱ्या बाजूला घेतला, दंड भरला की मिटेल' असा सल्ला इथे कुणीतरी दिलाय, तो मला धोक्याचा वाटतो. परवानगी नुसत्या 'वरच्या मजल्याला' नसते, मंजूर नकाशाला असते.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मध्ये परवानगीतून सूट आहे, पण इमारतीतल्या बदलांपुरती ती फक्त आतल्या किंवा बाहेरचं रूप फारसं न बदलणाऱ्या कामांना. आतली भिंत हलवणं वेगळं आणि जिना सामासिक अंतरात (इमारतीभोवती हद्दीपर्यंत मोकळी सोडायची जागा) बाहेर काढणं वेगळं. दुसऱ्यात शेजाऱ्याची हवा-उजेड अडतात, म्हणून तक्रार होणारच. (आमच्याकडेही अशीच झाली होती. काकांनी दोन वर्षं शेजाऱ्यांना दोष दिला. चूक आमची होती, हे मान्य करायला आर्किटेक्ट लागला!)

आता नोटीस कलम ५३ ची, म्हणजे विनापरवाना बांधकाम काढण्याची, आहे म्हणता, तर पत्रव्यवहारात दिवस घालवू नका. तिच्यात दिलेल्या मुदतीतच कलम ४४ खाली बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो. सोबत सुधारित नकाशा जोडा आणि तोवर काम थांबवा. नियमात बसणारा भाग वाचू शकतो. सामासिक अंतर खाणारा भाग पाडायची तयारी ठेवा.

'इतकी वर्षं झाली, आता कोण पाडतंय' यावरही विसंबू नका. मेरठच्या प्रकरणात १७ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की केवळ काळ उलटला किंवा पैसे गुंतले म्हणून बेकायदा बांधकाम नियमित होत नाही.

जिना किती फूट बाहेर आलाय, ते मोजून सांगाल का?