मदत हवी आहे: हीटरच्या होज पाइपातून कूलंट गळतंय

मंडळी, गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) हीटरचा होज पाइप जिथे नळीवर चढतो, तिथून कूलंट झिरपतंय. इंजिन थंड असताना जोड कोरडा. गरम होऊन प्रेशर वाढलं की क्लॅम्पखाली हिरवा थेंब धरतो, वाळल्यावर पांढरट डाग राहतो. क्लॅम्प आवळला, फरक नाही. पाइपाचं टोक दाबलं तर कडक लागतं, बारीक चिराही दिसतात. केबिनमधलं मॅटिंग कोरडं आहे, म्हणजे हीटर कोअर (केबिनला गरम हवा देणारा आतला छोटा रेडिएटर) बहुधा शाबूत.

गॅरेजवाले म्हणतात, टोक कापून पुन्हा बसवू. मला पटत नाही, रबरच गेलंय ना! नवीन पाइपाला स्प्रिंग क्लॅम्प लावावा की स्क्रूचा? पुण्यात नाना पेठेत चांगला पाइप कुठे मिळेल? आईला घेऊन कात्रज घाट चढायचाय, फार काळजी वाटते.