डर्टी कॅश: मळकी, ओवळी की खतवायची राहिलेली?

घंटाळीकर
मंडळी, शब्द हवाय, आणि तोही शनिवारच्या आत.

इथल्याच एका पतसंस्थेचा सर्व्हर मी सांभाळतो. दिवसाखेरीचा हिशोब रात्री नऊ-नऊपर्यंत रखडायचा. आत मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या सहा डिस्का, त्यांच्या डोक्यावर जुनं मेगारेड कार्ड, म्हणजे सगळ्या डिस्का एकत्र चालवणारं ‘रेड कंट्रोलर’. त्यावर कॅशेकेड, म्हणजे सारखा लागणारा डेटा वेगवान एसएसडीवर हाताशी ठेवणारी सोय, चालू केलं, दोन एसएसडी लावल्या आणि आठवडाभर चाचणी घेतली. मुद्दाम वीजही तोडून पाहिली. अहवाल मराठीत हवा होता. मी लिहिलं, ‘वीज गेली तेव्हा रेडवर डर्टी कॅश आढळली, परंतु ती नंतर सुरक्षितपणे मूळ जागी हलवण्यात आली.’

सेक्रेटरींनी सभेत हे मोठ्याने वाचलं. एक संचालक ताडकन उठले, ‘रेड पडली कधी? आणि पैसे हलवले कुणाच्या सांगण्यावरून?’

रेड म्हणजे डिस्कांची जोडणी, कॅश म्हणजे हा हाताशी ठेवलेला साठा, आणि डर्टी म्हणजे त्यात लिहिलेला पण डिस्कवर अजून न उतरलेला डेटा. तर या ‘डर्टी कॅश’ला मराठीत काय म्हणू?

महापे_नाईटशिफ्ट
😂 पहिली चूक उच्चाराची. आमच्याकडे सगळे ‘कॅशे’च म्हणतात. तसं म्हटलं की रोकड डोक्यात येतच नाही.

मुळाक्षर
चूक तुमची आहे. मूळ फ्रेंच शब्दाचा उच्चार ‘कॅश’च्याच जवळ जातो. काशे म्हणजे लपवणे, त्यावरून लपवून ठेवलेला साठा. संगणकात तो १९६० च्या दशकाच्या शेवटी आयबीएमच्या ३६०/८५ यंत्राबरोबर आला. त्याआधी, १९६५ साली, ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी याच कल्पनेला ‘स्लेव्ह मेमरी’ म्हटलं होतं.

शुद्धलेखन_दक्ष
काशे म्हणजे आपला ‘कोश’च की! ध्वनी बघा. निकटकोश म्हणा, प्रश्न मिटला.

मुळाक्षर
नाही हो. त्याचं मूळ लॅटिनमध्ये, दाबणे-चेपणे अशा अर्थाच्या क्रियापदात आहे. ध्वनी जुळला म्हणून सोयरीक होत नाही. गंमत रोकडवाल्या कॅशची आहे. तो शब्द मुळात पैशाच्या पेटीचा, पुढे पेटीतल्या पैशाचा झाला. आपल्याकडे लाखाला ‘पेटी’ म्हणतात, तोच प्रवास.

वाशीची_लेक
मग सरळ ‘चोरकप्पा’ का नको? लपवलेला आणि हाताशीही. आजीच्या बटव्याला होता.

घंटाळीकर
ताई, पतसंस्थेच्या अहवालात चोरकप्पा लिहिला तर खरंच रेड पडेल.

वाशीची_लेक
हो की. बरं, मिसळणाचा डबा? हळद, तिखट, मोहरी रोज लागतं ते त्यात, वर्षाचा साठा माळ्यावरच्या बरण्यांत. दर फोडणीला कोणी शिडी लावत नाही.

महापे_नाईटशिफ्ट
हे एकदम बरोबर बसतं. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला अर्धी फेरी व्हायलाच चार मिलिसेकंदांहून जास्त लागतात, आणि हेड जागेवर आणायचा वेळ वेगळा. हीच शिडी. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. कार्ड बघत बसतं, डेटाचे कुठले ठोकळे पुन्हापुन्हा मागितले जातायत, आणि तेवढे एसएसडीवर आणून ठेवतं. म्हणून चाचणी एकदाच घेऊन निकाल लिहू नये. पहिल्या फेरीत जवळजवळ काहीच फरक दिसत नाही, कारण डबा रिकामा असतो. तेच काम तिसऱ्या-चौथ्यांदा चालवा, मग बघा. आणि रोजचा वापर डब्यात मावेल एवढाच हवा. कॅशेकेडला ५१२ जीबीची मर्यादा होती.

याला इंग्रजीत वॉर्म होणं म्हणतात. मी ‘कॅशे तापली’ म्हणतो.

खतावणी
तापली नको, सर्व्हर तापला असं वाटेल. ‘मुरली’ म्हणा. लोणचं पहिल्या दिवशी खाऊन कोणी नावं ठेवत नाही.

घंटाळीकर
मुरली घेतो! मी पहिल्याच दिवशी आकडे काढून हात टेकले होते. चौथ्या दिवशी हिशोब सातच्या आत. पण ‘डर्टी’चं काय?

शुद्धलेखन_दक्ष
मलिन.

वाशीची_लेक
मलिन म्हणजे खराब. हा डेटा खराब कुठाय? नवा, ताजा आहे, फक्त डिस्कवर पोचायचाय. उलट डिस्कवरचा शिळा.

महापे_नाईटशिफ्ट
मग ‘ओवळा’! डिस्कवर उतरला की सोवळा. 😄

आगरी_पोर
हे सोवळं-ओवळं तुमच्या स्वयंपाकघरात ठेवा. कोणाला बाहेर बसवायचे शब्द होते ते. आता मशीनलापण लावणार?

महापे_नाईटशिफ्ट
दादा, मस्करी होती.

आगरी_पोर
माहितीये. तरी नको.

खतावणी
शब्द आहे की आपल्याकडे. तीस वर्षं बँकेत काढली, सुरुवातीची बरीचशी वह्यांवर. व्यवहार झाला की आधी कीर्दीत, म्हणजे रोजच्या वहीत मांडायचा, मग सवडीने खतावणीत, म्हणजे खात्यांच्या वहीत चढवायचा. कीर्दीत आहे पण खतावणीत नाही, अशी नोंद ‘खतवायची राहिलेली’. ती मळकी नसते आणि खोटीही नसते. तुमची लिहिण्याची राइट-बॅक पद्धत म्हणजे कीर्दीत टिपलं की गिऱ्हाइकाला पावती. राइट-थ्रू म्हणजे खतावणीत चढेपर्यंत पावती नाही. पतसंस्थेतल्या कुठल्याही संचालकाला हे एका ओळीत कळेल.

महापे_नाईटशिफ्ट
_/\_ काका. म्हणूनच लिहिण्यासाठी वापरायची तर दोन एसएसडी आरशासारख्या, दोन्हींवर तेच लिहिलं जाईल अशा, जोडून लावतात. कीर्दच जळाली तर खतावणी कशावरून लिहिणार? वाचण्यापुरती असेल तर एक चालते, गेली तरी मूळ प्रत डिस्कवर आहेच. वीज गेली तरी टिकावी म्हणून कार्डावरच्या मेमरीला बॅटरी लागते ती वेगळी.

शुद्धलेखन_दक्ष
कीर्द फारसी आहे.

खतावणी
असू दे. माझा पगार त्याच वहीत मांडला जायचा.

शुद्धलेखन_दक्ष
हसू नका. महापौर, दिग्दर्शक हे शब्द आले तेव्हाही लोक हसलेच होते. आज कुणाला ते नवे वाटतात? तुम्ही वापरलेच नाहीत तर रुळणार कसे?

वाशीची_लेक
रुळले ते तोंडात बसले म्हणून. तुमचा निकटकोश उद्या फोनवर बोलून दाखवा. ‘हॅलो, निकटकोश मुरलाय का?’

आगरी_पोर
साठवायचा शब्द हवा तर ‘कणगी’ घ्या. घणसोलीला आमच्या घरात होती, बांबूची, शेणाने लिंपलेली. वर्षाचं भात मावायचं.

मुळाक्षर
कणगी म्हणजे मुख्य साठा, ती तुमची डिस्क झाली. लपवलेला साठा म्हणाल तर ‘पेव’. जमिनीत खणून धान्य पुरायचे. फ्रेंच अर्थाच्या सगळ्यात जवळ तोच.

आगरी_पोर
पेव घाटावर. इथे खाडीकाठी खणलं की पाणी लागतं.

मुळाक्षर
मग ‘पेव फुटणे’ तुमच्याकडे कसं म्हणतात?

आगरी_पोर
जसं वाळवंट न बघता मृगजळ म्हणतात.

घंटाळीकर
उद्या प्रिंट द्यायचीय. सध्या असं लिहिलंय: ‘वीज गेली त्या वेळी काही नोंदी एसएसडीवरील कीर्दीत होत्या, डिस्कवरील खतावणीत चढायच्या होत्या. वीज आल्यावर त्या आपोआप चढल्या.’ कॅशे शब्दच काढून टाकलाय. पण वरती ‘रेड कंट्रोलर’ तसाच आहे. त्याचं काय करू?

शुद्धलेखन_दक्ष
बहुतबकडी नियंत्रक.

मुळाक्षर
रेड हे आद्याक्षरांचं नाव आहे, १९८८ च्या बर्कली विद्यापीठाच्या निबंधातलं. तेव्हा त्यातला आय ‘स्वस्त’ डिस्कांचा होता, नंतर तो ‘स्वतंत्र’चा झाला. कशाचं भाषांतर करणार?

वाशीची_लेक
मिसळणाच्या डब्यावरून आठवलं, पितळेचा सात वाट्यांचा कुठे मिळेल? जांभळी नाक्याला सगळे स्टीलचेच दाखवतात.

खतावणी
स्टेशनकडून आलात तर डाव्या हाताच्या गल्लीत विचारा. कल्हई मात्र करून घ्यावी लागेल.

वाशीची_लेक
कल्हईवाला राहिलाय का अजून?