वेरूळच्या रिसॉर्टातल्या खोल्या अशा कोऱ्या का?

प्रश्न: लग्नानंतर वेरूळजवळ एका रिसॉर्टात राहिलो होतो. भिंतीवर अजिंठ्याच्या 1 नंबर लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र, पलंगावर हिमरूची, म्हणजे इकडच्या नक्षीदार विणीच्या कापडाची चादर. बायको ती चादर सारखी हात फिरवून बघायची. परवा लेकीला घेऊन तिथंच गेलो, तर राखाडी भिंती अन् पांढऱ्या चादरी. खोली पुण्यातली म्हटली तरी खपली असती. जीव हळहळला. असं का करतात?

उत्तर: मी हाऊसकीपिंगला आहे. पांढरी चादर ब्लीच करता येते, कुठल्याही खोलीत चालते. हिमरू सूत-रेशमाचं, रोज मशीनमध्ये टिकत नाही.

उत्तर: मला साधी खोलीच आवडते. दिवसभर लेणी बघून डोळे भरलेले असतात.

प्रश्नकर्ता: दादा, धुलाईचं पटलं. पण हिमरूचा एक तुकडा काचेच्या फ्रेममध्ये लावता येईल की!