राजापूर मतदारसंघ: मत विचाराला होते की माणसाला?

तेरेखोल (धागाकर्ता):
१९५७ ते १९८९ या काळात लोकसभेच्या सलग आठ निवडणुकांत राजापूरने समाजवादी उमेदवारच निवडून दिला: तीनदा बॅ. नाथ पै आणि पाचदा प्रा. मधु दंडवते. १९७१ची इंदिरा लाट असो किंवा काँग्रेसला चारशेहून अधिक जागा देणारी १९८४ची निवडणूक असो, या मतदारसंघाने वाऱ्याकडे पाठ फिरवली. नाथ पै वेंगुर्ल्याचे होते. पण दंडवते जन्माने अहमदनगरचे आणि मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारे. गाव, भावकी, नाते यांपैकी काहीही नसलेल्या माणसाला पाच वेळा दिल्लीला पाठवणे हे विचाराला दिलेले मत होते, असे माझे ठाम मत आहे. २००९पासून मात्र इथली निवडणूक राणे आणि राणेविरोधक एवढ्यावरच येऊन थांबली.

मुक्काम लांजा:
असहमत. मत विचाराला असते, तर विचार सांगणारा माणूस बदलल्यावरही ते टिकले असते. दंडवते प्रजा समाजवादी, मग जनता पक्ष, मग जनता दल अशा वेगवेगळ्या नावांनी लढले आणि मतदाराने त्या नावांची फारशी फिकीर केली नाही. याच मतदाराने १९९६पासून शिवसेनेचे सुरेश प्रभू लागोपाठ चार वेळा निवडून दिले. सनदी लेखापाल, सारस्वत बँकेचे माजी अध्यक्ष, मितभाषी माणूस. त्यांच्यात समाजवाद कुठे शोधायचा? राजापूरला दिल्लीत शोभेल, सभागृहात नीट बोलेल असा खासदार हवा होता. गावचा खर्च मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालत असल्यामुळे खासदाराकडून पोटापाण्याची अपेक्षाच कमी होती, म्हणून ही चैन परवडली.

गिरणगावचा चाकरमानी:
मनीऑर्डरीचा मुद्दा अर्धाच मांडला आहे. पैशाबरोबर मतही मुंबईहूनच येत असे. लालबाग-परळच्या खोल्यांत जे ठरे, ते गणपतीला गावी पोहोचे. १९६६ साली स्थापन झालेल्या शिवसेनेचा आधार तिथेच वाढला आणि १९८२च्या संपानंतर गिरण्यांतली जुनी लाल बावट्याची माणसे पांगली, तेव्हा गावाकडची मतेही हळूहळू सरकली. शिवाय समाजवादी आणि सेना ही दोन टोके होती, असे समजू नये. १९६८च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रजा समाजवादी पक्षाने सेनेशी युती केली होती, हे आज कोणी फारसे बोलत नाही.

देवगडकर:
आपण सर्वजण जणू मतदारसंघ एकच आहे असे धरून चाललो आहोत. २००८च्या पुनर्रचनेत राजापूर आणि रत्नागिरी हे दोन्ही लोकसभा मतदारसंघ संपले. दापोली आणि गुहागर रायगडकडे गेले. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी मिळून नवा मतदारसंघ झाला. त्यामुळे नाथ पैंच्या काळाशी आजची थेट तुलना करणे मला पटत नाही. २०२४मध्ये नारायण राणे ४७,८५८ मतांनी जिंकले खरे, पण चिपळूण, रत्नागिरी आणि राजापूर या तिन्ही ठिकाणी विनायक राऊत पुढे होते. निकाल सिंधुदुर्गातल्या तीन विभागांनी फिरवला. दोन जिल्ह्यांना दोन वेगळी माणसे हवी होती आणि जागा एकच होती.

तेरेखोल:
पुनर्रचनेचा मुद्दा मान्य. २००९नंतरचा दोष सरसकट मतदारावर टाकणे माझी चूक होती. पण ‘अपेक्षाच कमी होती’ हे पटत नाही. कोकण रेल्वेची अपेक्षा लहान म्हणायची का? दंडवते १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आणणारे मंत्री म्हणून देश त्यांना ओळखतो, पण कोकणाला आठवते ती रेल्वे. १९९०मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री होते.

मुक्काम लांजा:
माझ्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा आपणच दिलात. महामंडळ १९९०मध्ये झाले आणि १९९१मध्ये राजापूरने दंडवत्यांना पाडून काँग्रेसचे सुधीर सावंत निवडले. संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला, तोवर मतदारसंघ सेनेकडे गेला होता. मतदार विचाराचा होता म्हणावे तर विचार सांगणारा समोर उभा होता, कामाचा होता म्हणावे तर काम सुरू झाले होते, आणि तरीही तो हरला.

गिरणगावचा चाकरमानी:
कारण १९९१मध्ये काँग्रेसला नको म्हणणाऱ्याला दंडवत्यांखेरीज सेनेचाही पर्याय होता. आमच्या चाळीत त्या वर्षी घरटी दोन मते पडली: वडिलांचे दंडवत्यांना, मुलाचे धनुष्यबाणाला.