आरटीसी (वेळ राखणारी चिप) ड्रायव्हरचे एरर मेसेज सुधारायचेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या मालीम जेटीवरच्या ट्रॉलरांसाठी लिनक्सवर डेटा लॉगर करतोय, वेळ डीएस३२३१ या आरटीसी चिपवरून. काहीही बिघडलं की आमचा ड्रायव्हर नुसतं 'रीड फेल' छापतो. चिपला जोडणारी आयटूसीची वायर गंजली की चिपमधला वेळ मोजणारा ऑसिलेटर थांबला, कळायला मार्ग नाही. खाऱ्या हवेत दोन्ही होतं. प्रोबमध्ये (ड्रायव्हर चिपला जोडला जातो तो टप्पा) डेव्ह_एर_प्रोब हे कर्नलचं फंक्शन घालतोय, म्हणजे एरर कोड दिसेल आणि प्रोब पुढे ढकलला गेला तर लॉग भरणार नाही.

अडलंय वेळ वाचणाऱ्या रीड_टाइम फंक्शनमध्ये. चिपच्या स्टेटस रजिस्टरचा ओएसएफ बिट (ऑसिलेटर थांबल्याची खूण) १ असेल तर वेळ भरवशाची नसते, तेव्हा चुकीची वेळ देण्यापेक्षा ईइनव्हॅल (अवैध असा एरर कोड) परत करणंच मला बरोबर वाटतं. पण सोबत इशारा छापावा का? दर वाचनाला छापला तर खरा बिघाड त्यात बुडेल. १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठायच्या आत ठरवायचंय. तुम्ही काय करता?