स्ट्रेटनिंग थांबवल्यावर उगवणाऱ्या कुरळ्या केसांची निगा

प्रश्न (नेरूळ) : सहा वर्षे नियमित स्ट्रेटनिंग केल्यानंतर गेले 8 महिने मी ते पूर्ण थांबवले आहे. मुळांपाशी अगदी घट्ट कुरळे केस उगवले असून टोके सरळच आहेत, आणि हे दोन पोत जिथे मिळतात नेमके तिथेच केस तुटतात. सरळ भाग पुन्हा कुरळा होईल का?

उत्तर (वाशी) : नाही. स्ट्रेटनिंगची रसायने केराटिनमधील (केस ज्या प्रथिनाचे बनतात त्यातील) गंधकाचे बंध तोडून ते नव्या आकारात जुळवतात, त्यामुळे तो भाग कापेपर्यंत सरळच राहतो. केस महिन्याला सुमारे 1 ते सव्वा सेंटीमीटर वाढतात, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी थोडी टोके कापत जाणे हा संथ, पण खात्रीचा मार्ग आहे. कोरडे केस विंचरू नका. न्हाताना भरपूर कंडिशनर लावून, रुंद दातांच्या फणीने टोकांकडून मुळांकडे गुंता सोडवा.

उत्तर (घोडबंदर रस्ता, ठाणे) : आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो आणि त्या जड पाण्यातील क्षारांनी माझे केस राठ होतात, शेवटचे दोन तांबे मी पिण्याच्या पाण्याचे घेते, यावर सासूबाईंची नाराजी असते ती वेगळी. न्हाण्यापूर्वी खोबरेल तेल लावल्यास केसांतील प्रथिने कमी झिजतात. पावसाळ्यात मात्र ग्लिसरीनयुक्त जेल टाळावे, कारण ते हवेतील ओलावा ओढते आणि केस फुगतात.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. या रविवारी तीन बोटे केस कापून घेते.